एकही ‘नाही’ नाही

ठकूबाई ढेबे खुर्चीवर बसायला तयार नव्हती. रेकॉर्ड रूममध्ये खुर्च्या दोनच. एकीवर मी बसले होते आणि दुसरी इनामदार चाचांची. चाचांनी आपली पुढं सरकवली, तर ही बाई भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "हितंच बरं हाय. कागुद तेवडा दावा."

पुनर्वसन कार्यालयाची ती खोली. भिंतीलगत सव्वीस पत्र्याच्या पेट्या, आणि त्यांत धरणाखाली गेलेल्या घरांचे कागद. पाणी चढण्याआधी सर्व्हेवाले घरोघर हिंडले होते. प्रत्येक घराचा एक कागद केला होता: मालकाचं नाव, घराची लांबी-रुंदी, भिंत कशाची, छप्पर कशाचं, दारात झाडं किती. वर कोपऱ्यात एक फोटो चिकटवलेला. त्यात घरमालक दारात उभा, हातात पाटी, पाटीवर खडूनं घराचा नंबर. वीस वर्षं झाली तरी भूखंडांचं वाटप चालूच होतं आणि लोक त्या कागदासाठी खेटे घालत होते.

चाचांनी पेटी उघडली आणि चष्मा न लावता कागद काढला. मुनीर इनामदार एकतीस वर्षं त्या खोलीत होते. कुठल्या पेटीत कुठलं गाव हे त्यांना विचारावं लागत नव्हतं.

"भैरीचा माळ, घर नंबर तीन. अंबू धाकू ढेबे," त्यांनी वाचलं आणि कागद तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं पदराला हात पुसले. मग फोटोवर बोट ठेवलं, अगदी हलकंच.

"ह्यो आमचा मालक," ती मला म्हणाली. "आन् मागं दारात कुनाचा हात दिसतोय न्हवं? त्यो माजा. फोटूवाला म्हनला बाईमानूस नगं, म्हनून मी आत सरकली. पर हात ऱ्हायला."

खरंच, दाराच्या चौकटीवर एक हात होता, कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेला.

बाकीच्या गावांना सातबारा होता, घरपट्टीच्या पावत्या होत्या, शाळेचे दाखले होते. भैरीच्या माळावर गवळी धनगरांची पाच घरं होती आणि त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. जमीन नावावर नाही. ग्रामपंचायत कधी एवढा डोंगर चढली नाही. जगाच्या पाठीवर त्या पाच घरांचा पुरावा म्हणजे ते पाच कागद. मालक चार वर्षांपूर्वी गेला होता. दिवाळीनंतर शेवटची सुनावणी होती. घर होतं असं तिथं दाखवलं तर ठकूबाईला भूखंड मिळणार होता, नाही तर नाव यादीतून कायमचं कटणार होतं. ती सध्या लेकीच्या दारात पडवीत राहत होती आणि जावयाला ते आवडत नव्हतं, हेही तिनं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

तिला नक्कल हवी होती. पण नकलेवर साहेबांची सही-शिक्का लागायचा आणि साहेब सोमवारपर्यंत रजेवर होते. तिनं दोन एसट्या बदलल्या होत्या. सोमवारी परत यायचं म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला.

मग मी तोंड घातलं. मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, आजी, कशाला हेलपाटा घालता? हे सगळे कागद आम्ही कॉम्प्युटरवर चढवतोय. दिवाळीच्या आत तुमच्या तालुक्याच्या कचेरीत बटण दाबलं की हाच कागद छापून हातात मिळेल, शिक्क्यासकट. त्याला वाळवी लागत नाही, तो पाण्यात भिजत नाही.

"आन् हरवत न्हाय?" तिनं विचारलं.

"नाही हरवत," मी म्हणाले.

तिनं कागद चाचांना परत दिला.

या गोष्टीला अठरा वर्षं होऊन गेली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आमची कंपनी म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या तीन खोल्या, सात कॉम्प्युटर आणि शिरगुप्पे सर. सर आधी गणिताचे शिक्षक होते. नोकरी सोडून त्यांनी हा व्याप उभा केला होता. माणूस सज्जन, पण भिडस्त आणि भित्रा. सरकारी पत्र आलं की आधी पाणी प्यायचे, मग पाकीट फोडायचे. धरणाचं काम म्हणजे आमचं पहिलं मोठं काम. कागद स्कॅन करायचे आणि मुंबईच्या सर्व्हरवर, म्हणजे तिकडच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, पाठवायचे. स्कॅनिंगला चार मुली होत्या. पाठवायचं आणि तपासायचं काम माझं.

पाठवायला अख्खा पावसाळा गेला. लाइन मुंगीच्या चालीनं चालायची, मध्येच तुटायची, पुन्हा लागायची. सगळं पाठवून झाल्यावर एक शेवटचं काम उरलं. मुंबईला प्रत्येक फाइल खरोखर पोचली का ते बघायचं आणि तसा दाखला द्यायचा. दाखला मिळाला की मूळ कागद नष्ट करायचे असा आदेशच होता, कारण ती खोली दुसऱ्या खात्याला हवी होती.

एकोणीस हजार चारशे बारा फाइली डोळ्यांनी कोण बघणार? मी प्रोग्राम लिहिला. प्रोग्राम लिहिणारा माणूस सगळं स्वतः करत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली तयार अवजारं मिळतात, त्यांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. मला एक फुकटातली मिळाली. कुठल्या देशातल्या कुणी लिहिली होती देव जाणे. माहितीचं पान म्हणावं तर चार ओळी. पण तिच्यात मला हवं ते एक अवजार होतं, आणि त्याचं नावच मुळी होतं ‘आहे का’. फाइलीचं नाव द्यायचं, ते लांबच्या सर्व्हरला जाऊन विचारणार, फाइल आहे का? आणखी काय पाहिजे? मी ते उचललं आणि माझ्या प्रोग्राममध्ये बसवलं. अर्ध्या दिवसाचं काम.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत निकाल आला. एकोणीस हजार चारशे बारा विचारल्या, एकोणीस हजार चारशे बारा आहेत. एकही ‘नाही’ नाही.

शिरगुप्पे सरांनी पेढे मागवले. चाचांना बोलावून घेतलं, कारण कागद त्यांच्या ताब्यातले, दाखल्यावर त्यांचीही सही लागणार होती. चाचा आले, पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"एक पण कमी नाही?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही, चाचा."

"ताई, एकतीस वर्षांत माझी एक पेटी पण पहिल्या मोजणीला बरोबर निघाली नाही. दोन कमी नाही तर एक जास्त. एवढं बरोबर निघालं की मला भीती वाटते."

मी हसले. मग त्यांनी त्यांची एक रीत सांगितली. रेकॉर्डला नवा कारकून आला की ते त्याला पहिल्याच दिवशी चाळीस नंबरची पेटी आणायला पाठवायचे. पेट्या सव्वीसच. जो परत येऊन सांगायचा, चाचा, चाळीस नंबर नाहीच, त्याला ते किल्ली द्यायचे. जो म्हणायचा, आहे, उद्या काढून ठेवतो, त्याला कधीच द्यायचे नाहीत.

"तुमच्या मशिनला नसलेलं काही विचारून बघितलं का?" ते म्हणाले.

दोन मिनिटांचं काम होतं ते. मनाला येईल ते नाव टाकायचं आणि बटण दाबायचं. मी ते केलं नाही. का नाही केलं हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता उत्तर पाठ झालंय. कपात चहा ओतून झाला होता. सरांनी लेटरहेड काढून पेनाचं टोपण उघडलं होतं. आणि चाचा मॅट्रिक झालेले कारकून होते आणि मी इंजिनिअर होते. शेवटचं कारण खरं.

"चाचा, मशिनला कुणाची भीड नसते," मी म्हणाले. "ते कशाला खोटं सांगेल?"

चाचांनी यावर वाद घातला नाही. दाखल्यात लिहिलं होतं, पेट्यांमधील सर्व कागद सर्व्हरवर उपलब्ध असल्याची खात्री केली आहे. खाली तपासणी करणार म्हणून माझं नाव टाइप केलेलं होतं. मी झोकात सही केली. त्याखाली चाचांनी केली.

पुढच्या आठवड्यात ट्रक आला आणि सव्वीस पेट्यांमधले कागद पेपर मिलला लगद्यासाठी गेले. चाचा त्याच महिनाअखेरीला निवृत्त झाले. आमच्याकडे डिस्कवर स्कॅनच्या प्रती होत्या, त्या करारानुसार पुसायच्या होत्या. त्या मी माझ्या हातानं पुसल्या आणि त्याच डिस्कवर नगरपालिकेच्या जन्मनोंदींचं काम सुरू केलं. कामाच्या बाबतीत मी कधीच टाळाटाळ करत नव्हते.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी ठकूबाई आमच्या ऑफिसात उभी. तालुक्याच्या कचेरीत तिला सांगितलं होतं की तुमची नोंद दिसत नाही, ज्यांनी काम केलं त्यांना विचारा. ती पत्ता विचारत विचारत गिरणीवर चढून आली होती. सुनावणी चार दिवसांवर होती.

मला काळजी वाटली नाही. नावात घोळ असणार. मी तिला चहा सांगितला आणि सरकारी साइट उघडली. ढेबे घातलं, नोंद उपलब्ध नाही. ढेंबे घातलं, धेबे घातलं. गावाच्या नावावरून शोधलं. भैरीचा माळ या नावानं एकही कागद नव्हता. पाचच्या पाच घरं गायब. शेजारच्या दोन वाड्या बघितल्या, त्याही नव्हत्या.

मग मी माझा प्रोग्राम उघडला आणि त्याला अंबू ढेबेची फाइल विचारली. तो म्हणाला, आहे.

साइट म्हणते नाही, माझा प्रोग्राम म्हणतो आहे. आणि तेव्हा कुठं मी फाइलीच्या नावाच्या जागी टाइप केलं, शिरगुप्पे सरांची स्कूटर.

आहे.

मी टाइप केलं, काहीच नाही.

आहे.

मी लायब्ररीच्या पोटातला सगळा प्रोग्राम उघडून वाचत बसले. जे आधी करायला हवं होतं ते. अर्ध्या तासात कळलं. ते ‘आहे का’ नावाचं अवजार हो किंवा नाही असं उत्तर देतच नव्हतं. ते सर्व्हरचं उत्तर चिठ्ठीवर लिहून आणून द्यायचं. फाइल असली तर चिठ्ठीवर तिचा आकार, तारीख वगैरे. नसली तर चिठ्ठीवर लिहिलेलं, सापडली नाही. लाइन तुटलेली असली तर तेही लिहिलेलं. आणि मी जी प्रोग्रामची भाषा वापरत होते तिच्यात कोरी चिठ्ठी म्हणजे नाही, आणि काहीही लिहिलेली चिठ्ठी म्हणजे होय. चिठ्ठीवर ‘नाही’ लिहिलेलं असलं तरी ती लिहिलेलीच. माझ्या प्रोग्रामनं चिठ्ठी वाचली नव्हती. चिठ्ठी आली एवढंच बघितलं होतं, एकोणीस हजार चारशे बारा वेळा.

असलं अवजार लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. ‘आहे का’ असं नाव ठेवावं आणि नाही म्हणायची सोय ठेवू नये! त्या माणसाला वाटलं असेल, वापरणारा वाचून घेईल. वापरणारी मी होते.

नव्यानं, नीट तपासणारा प्रोग्राम लिहिला आणि लावला. अकराशे त्रेसष्ट फाइली नव्हत्या. बहुतेक सगळ्या शेवटच्या तीन पेट्यांतल्या, डोंगरातल्या वाड्यावस्त्या. पावसात लाइन तुटली तेव्हाच्या.

ठकूबाई बाकावर बसली होती. चहा पिऊन तिनं कप खाली ठेवला होता, आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होती.

"गावला का?" तिनं विचारलं.

"बघते," मी म्हणाले. "तुम्ही सुनावणीला या. मी पण येते."

शिरगुप्पे सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टेबलावरचा काचेचा पेपरवेट फिरवत राहिले. डिस्क त्याच संध्याकाळी माणसाबरोबर पुण्याला पाठवल्या, पुसलेलं काही परत मिळतंय का बघायला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. नगरपालिकेच्या जन्मनोंदी तेवढ्या मिळाल्या, आणि त्या आमच्याकडे होत्याच.

मी सरांना म्हणाले, आपण लिहून देऊ या, दाखला चुकीचा आहे म्हणून. सर म्हणाले, त्याचा अर्थ समजतो का तुला? एक दाखला चुकला म्हणजे सगळी यादी संशयात गेली. पुढच्या महिन्यात सातशे कुटुंबांना ताबे मिळायचेत, ते थांबतील. कोर्टकचेऱ्या लागतील. वर आपल्यावर फिर्याद होईल ती निराळी. सही तुझी आहे, नीला. हे ते धमकावून बोलले नाहीत.

चाचांच्या घरीही मी गेले. त्यांना सगळं सांगितलं. तुम्ही विचारायला सांगितलं होतं ते मी विचारलं नाही, हेही सांगितलं. ते मला बोलतील असं वाटत होतं. ते फक्त म्हणाले, त्या बाईचा कागद मी माझ्या हातानं काढला होता, मी येऊन सांगतो. सुनावणीच्या दिवशी टोपी घालून, पॉलिश केलेले बूट घालून ते आमच्या आधी तिथं हजर होते.

हॉलमध्ये गर्दी होती. अधिकारी तरुण होते, कुणावर आवाज चढवत नव्हते, प्रत्येकाला पाणी विचारत होते. ठकूबाईचा नंबर आला. साहेबांनी समोरच्या स्क्रीनवर शोधलं आणि म्हणाले, आजी, तुमच्या घराचा कागद नाही.

ती म्हणाली, हाय. म्या बघितलाय. मालकाचा फोटू हाय, मागं माजा हात हाय.

चाचा पुढं झाले. "साहेब, कागद होता. सहा महिन्यांपूर्वी मी स्वतः पेटीतून काढून यांच्या मांडीवर ठेवला."

"मग गेला कुठं?" साहेबांनी विचारलं. त्यांनी फाइलीतून एक कागद काढला. आमचा दाखला होता तो. "यात लिहिलंय, पेट्यांमधले सर्व कागद सर्व्हरवर आहेत. एकोणीस हजार चारशे बारा. एकही कमी नाही. खाली तुमचीही सही आहे, इनामदार. आता जो कागद सर्व्हरवर नाही तो या दाखल्याप्रमाणे पेटीतही नव्हता. किंवा तो पेटीतून आधीच गेला, तुमच्या ताब्यात असताना. तिसरं काही असेल तर मला सांगा, मी लिहून घेतो."

तिसरं काय ते चाचांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही. मला संधी दिली ती.

साहेबांची नजर माझ्यावर आली. "तपासणी तुम्ही केलीत ना? मग एवढंच सांगा. हा दाखला बरोबर आहे की नाही?"

माझ्या मागं दोनशे माणसं बसली होती. कित्येकांच्या हातात साइटवरून छापलेले कागद होते, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेले. ठकूबाई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी जराही शंका नव्हती. बाई शिकलेली आहे, बाई सांगेल, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं मला दिसत होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

पुढं मी लोकांना सांगत आले की त्या सातशे कुटुंबांसाठी मी तसं बोलले. नवऱ्यालाही तेच सांगितलं. ते खरं नाही. त्या क्षणी एकही कुटुंब माझ्या डोक्यात नव्हतं. पोलीस होते, पेपरात येणारं माझं नाव होतं आणि ते वाचणारे माझे वडील होते. मी घाबरले, बस्स.

साहेबांनी मान हलवली आणि पलीकडच्या कारकुनाला मजकूर सांगायला सुरुवात केली. चाचा माझ्या शेजारून गेले. आता तरी काही बोलतील, निदान एक शिवी घालतील असं वाटलं. त्यांनी मला वाट द्या म्हणून हातानं खूण केली, अनोळखी बाईला करावी तशी, आणि जिना उतरून गेले. कागद गहाळ केल्याबद्दल त्यांची चौकशी लागली आणि ती वर्षभर चालली, हे मला नंतर कळलं.

तीन वर्षांनी, शिरगुप्पे सर वारल्यावर, मी लेखी दिलं. झालेली चूक, लायब्ररी, चिठ्ठी, अकराशे त्रेसष्ट नावांची यादी, सगळं. माझं पत्र घेतलं गेलं, त्यावर पोच मिळाली. यादी दोन वर्षांपूर्वीच बंद झाली असल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे, असं उत्तर आलं. फिर्याद वगैरे कुणी केली नाही. मी ज्याला घाबरले होते त्यातलं काहीही घडलं नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी अर्ध्या तासात निकालाचा कागद छापून झाला आणि शिक्का मारून ठकूबाईच्या हातात दिला गेला. ती बाहेर आली. व्हरांड्यात खांबापाशी मी उभी होते. पळून जावंसं वाटत होतं, पण पाय निघत नव्हता. तिनं कागद माझ्यापुढं धरला.

"वाचून दावा."

मी वाचलं. सदर ठिकाणी अर्जदाराचे घर अस्तित्वात असल्याचे आढळून येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

"म्हंजे?"

"म्हणजे तिथं तुमचं घर नव्हतं, असं लिहिलंय."

ती चिडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. समजावून घ्यायच्या सुरात तिनं मला विचारलं, "मंग बाई, चार पोरं झाली मला. ती कुटं झाली?"

तिनं उत्तराची वाट बघितली, मग कागद माझ्या हातातून घेतला आणि उलटसुलट करून बघितला. शिक्क्याची शाई अजून ओली होती, तिच्यावर तिनं फुंकर घातली.

"ह्येच्यावर माजं नाव हाय का?"

"आहे."

"ठकूबाई अंबू ढेबे? मालकाचं बी?"

"हो. मालकाचं पण आहे."

तिनं तो घडी घालून पोलक्यात ठेवला आणि एसटीच्या वेळेची चौकशी केली.